बाळाच्या गळ्यातला मिसरचा भुंगा

मित्रांनो, आज वहिनीने सिरसाळ्याच्या बाजारातून हिरव्या दगडाचा भुंगा आणला आणि तापलेल्या बाळाच्या गळ्यात बांधला.

"पिरॅमिडमधला हाय, भाऊजी. आता दवाखाना लागत न्हाई."

मला संशय आला. मोबाईलवर तीन ठिकाणी वाचून खात्री केली. मिसरचे, म्हणजे जुन्या इजिप्तचे, लोक असा भुंगा मेलेल्या माणसाच्या काळजावर ठेवायचे. आपल्याकडे मयताच्या अंगावरचा दोराही कोणी घरात आणत नाही.

मी म्हणालो, "वहिनी, खोटा असंल तर तुमी फसलात. खरा असंल तर मढ्यावरचा हाय."

"आधी सांगायला काय झालतं?" म्हणत तिने तो तोडून फेकला आणि बाळाला घेऊन दवाखाना गाठला.

भुंगा अजून अंगणातच आहे. तो खोटाच असणार. तरी उचलायला माझा हात धजत नाही. तुम्ही उचलला असता का?