वहीतलं एक मत

खून, दरोडे, दंगली, नोकरीत सगळं पाहिलं. पण एखादी आठवण सांगा म्हटलं की माझ्या तोंडी एका मताचं प्रकरण येतं. ऐकणारे आधी हसतात. मी त्यांना हसू देतो.

तेव्हा मी जुन्या हुबळीत पोलीस निरीक्षक होतो. विधानसभेची निवडणूक तोंडावर आली होती. परवान्याच्या बंदुका जमा करून घ्यायच्या, जुन्या गुन्हेगारांकडून हमीपत्रं लिहून घ्यायची, सभांना बंदोबस्त पुरवायचा. ठाण्यात चहा प्यायलाही सवड नव्हती. अशात काष्ठौषधींचे एक दुकानदार धाकट्या मुलाला घेऊन तक्रार द्यायला आले. वय ऐंशीच्या पुढे, पूर्वज मिरजेकडचे. सगळा बाजार त्यांना काका म्हणायचा.

"काय गेलं?" मी विचारलं.

"सात वह्या," काका म्हणाले.

हवालदाराला हसू आलं. खरं सांगायचं तर मीही वैतागलो होतो. पण त्या वह्यांत काय होतं ते ऐकलं आणि खुर्चीत नीट बसलो. आमच्या मतदारसंघाच्या पहिल्या निवडणुकीपासून प्रत्येक बूथवर कुणाला किती मतं पडली, ते सगळं त्यांत लिहिलेलं होतं. सुरुवातीची पानं काकांच्या वडिलांच्या हातची, पुढची सगळी काकांची. मतदारसंघाच्या हद्दी बदलल्या, शिक्क्याची मतपत्रिका जाऊन यंत्र आलं, पण काका दर वेळी कुणाचा तरी प्रतिनिधी म्हणून मतमोजणीला बसायचे आणि आकडे उतरवून आणायचे. बाजारात निवडणुकीवरून वाद पेटला की लोक म्हणायचे, काकांची वही बघा. वही उघडली की वाद मिटायचा.

तक्रार मुलानं लिहून आणली होती. त्यात संशयित म्हणून दुकान झाडणाऱ्या अक्काचं नाव होतं. अळणावरकडच्या खेड्यातून आलेली ही बाई त्या गल्लीतली चार दुकानं झाडायची. चारही दुकानांच्या किल्ल्या तिच्या कमरेला असायच्या. तक्रार झाली त्याच दिवशी चौघांनीही किल्ल्या काढून घेतल्या.

महिला पोलिसासमोर मी तिची चौकशी केली.

"साहेब, मी सातवीपर्यंत कन्नड शिकलेय. काकांची मराठी मला वाचायलाच येत न्हाई. वह्या नेऊन काय करू, चूल पेटवू? देवराणे, शपथ घेऊन सांगते, हात लावला न्हाई. पण किल्ल्या काढून घेतल्या हो! अठरा वर्षं कमरेला होत्या."

चोर असला की तो चोरीच्या वस्तूबद्दल बोलत सुटतो, असा माझा अनुभव. ही बाई फिरून फिरून किल्ल्यांवर येत होती. हिनं चोरी केलेली नाही, अशी माझी खात्री पटली. पण साहेबांची खात्री पटली एवढ्यावर संशयिताचं नाव खोडता येत नाही. दुसरा चोर दाखवावा लागतो.

पंधरा दिवसांनी एक खबर आपल्या पायांनी ठाण्यात चालत आली. काकांच्या दुकानासमोर त्यांच्याच वयाच्या मित्राचं भांड्यांचं दुकान होतं. हे अण्णा एक पुस्तिका नाचवत आत आले. तिकिटासाठी धडपडणाऱ्या एका पुढाऱ्यानं मतदारसंघाचा इतिहास छापून फुकट वाटला होता.

"हे बघा की साहेब! शेवटी छापून आलं. आमच्या बूथवर मला एक मत!"

अण्णा चाळीस वर्षांपूर्वी अपक्ष उभे राहिले होते. बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली. स्वतःचा शिक्का दोन चिन्हांच्या मधल्या रेषेवर पडला आणि मत बाद झालं. स्वतःच्याच बूथवर भोपळा मिळाला म्हणून बाजारानं त्यांना छळछळ छळलं. काकांनी वही उघडून दाखवली तेव्हा कुठे तोंडं बंद झाली. वहीत अण्णांच्या नावापुढे एक होता.

मी त्यांना चहा पाजून घरी पाठवलं आणि निवडणूक शाखेतून जुनी नोंद मागवली. सरकारी कागदावर त्या बूथवर अण्णांच्या नावापुढे शून्य होतं.

पुढाऱ्याच्या माणसाला बोलावून घेतलं. तो बेरकी निघाला. "सरकारी नोंदींवरूनच केलंय साहेब. एखादी छपाईची चूक असेल." आता वहीतही एकच होता, असा काकांचा रीतसर जबाब मिळाला तर हा गडी अडकत होता. दुसऱ्या दिवशी मी काकांना बोलावलं. पुस्तिकेची ओळख पटवायला अण्णांना आणि जबाबावर सही करायला अक्काला बोलावून बाहेरच्या बाकावर बसवलं.

पुस्तिका आणि सरकारी नोंद काकांपुढे ठेवून मी विचारलं, "तुमच्या वहीत काय होतं?"

काकांनी दोन्ही कागद पाहिले. "आठवत नाही," ते म्हणाले.

ज्या माणसाला बूथ सांगताच आकडे तोंडपाठ यायचे, त्याला हा एक आकडा आठवेना! मी पेन खाली ठेवलं.

"काका, आठवलं नाही तर त्या बाईचं नाव या कागदावरून जाणार नाही. मरेपर्यंत बाजार तिला चोर म्हणेल. तुम्हाला एकट्याला बोलायचं असेल तर अण्णांना घरी पाठवतो."

काकांनी पुस्तिका मिटून बाजूला सारली. मग म्हणाले, "नको. त्यालाच आत बोलवा. अक्कालाही."

दोघं आत आले. काका उभे राहिले. मित्राकडे पाहून बोलले, "शून्यच होतं रे. मत देतो म्हणून तुला शब्द दिला आणि आत जाऊन पक्षाच्या चिन्हावर शिक्का मारला. मोजणीत तुझं शून्य ऐकलं आणि लाज वाटली. घरी येऊन एक लिहिला. सगळ्या वह्यांत तेवढंच एक खोटं आहे, आणि ते माझ्या वह्यांशिवाय कुठंच नाही."

मला अण्णांकडे बघवेना.

"चाळीस वर्षं," अण्णा सावकाश म्हणाले, "ह्या बाजारात भेटंल त्याला मी आधी नमस्कार घातला. म्हटलं, त्या एकानं दिलं असंल. अन् तू न्हवतासच." मग त्यांनी अक्काकडे पाहिलं. "आज हिच्यासाठी तोंड उघडलंस. जा. त्या दिवशीचं मत आज पडलं म्हणतो."

काका रडले. मी जबाब वाचून दाखवला, सह्या घेतल्या आणि त्याच दुपारी, पुस्तिका जिथे छापली त्या गोकुळ रोडवरच्या छापखान्यावर गेलो. कपाटाच्या तळाशी पुठ्ठ्याच्या खोक्यात सातही वह्या होत्या. पंचनामा पुरा व्हायच्या आत मालकानं सांगून टाकलं, वह्या आणून दिल्या त्या काकांच्या धाकट्यानंच. त्याला पुढाऱ्याकडून महापालिकेच्या तिकिटाचं आश्वासन मिळालं होतं. बापाला वह्या दिसेनात तेव्हा त्यानं अक्काकडे बोट दाखवलं होतं.

मुलगा कबूल झाला. गुन्ह्यात नाव कुणाचं घालू, म्हणून मी काकांकडे पाहिलं.

"चोराचं घाला," ते म्हणाले.

संध्याकाळी मी चारही दुकानदारांना किल्ल्या घेऊन ठाण्यात बोलावलं. कायद्यात असं काही कलम नाही, ते माझं स्वतःचं कलम! एकेकानं पुढे येऊन अक्काच्या हातात किल्ली द्यायची आणि चुकलो म्हणायचं. चौघंही म्हणाले. माझे शिपाई टाळ्या वाजवायला लागले, आणि मी त्यांना दटावलं नाही. तीस वर्षांच्या नोकरीत इतकं सुख मला कुठल्या पदकानंही दिलं नव्हतं.

त्या प्रकरणानं मला एक सवय लावली. तेव्हापासून संशयिताइतकाच वेळ मी फिर्यादीलाही देऊ लागलो. खोटं प्रत्येकाकडे असतं. ते तो कुणासाठी बोलला आणि कुणासाठी सोडायला तयार आहे, त्यावरून माणूस कळतो.

न्यायालयाच्या आदेशानं वह्या परत मिळाल्या. निवडणुकीचा निकाल लागल्यावर मी मुद्दाम दुकानात गेलो. जुन्या वहीत अण्णांच्या नावापुढचा एक तसाच होता. तो खोडायला अण्णांनीच मना केलं होतं. बाजूला काकांनी लिहिलं होतं, 'सरकारी शून्य. हे माझं, उशिरा दिलेलं.' काकांना आता नीट दिसत नव्हतं. ते आकडे सांगत होते आणि अक्का नव्या पानावर कन्नडमध्ये उतरवून घेत होती.

मला पाहून ती चहा सांगायला उठली. कमरेला किल्ल्या वाजल्या. मी मोजल्या, तर पाच होत्या. पाचवी वह्यांच्या कपाटाची होती.