आईच्या टाचेखालचं बटण

अर्धांगाचा झटका येण्याआधीची आईची चाल मला अजून पाठ आहे. उल्हासनगरच्या बाजारात ती पुढे आणि मी मागे, पिशव्या सांभाळत धापा टाकणारा. "चल रे गोगलगायी," असं ती मागे न बघताच म्हणायची. झटक्यानंतर हात सुधारला, बोलणं सुधारलं, पण डावं पाऊल पुढून लोंबतच राहिलं. अंबरनाथच्या बुवापाड्यातल्या आमच्या घराला उंबरे दोनच. ती दोन्हींना ठेचकाळायची.

मी तेव्हा मुंबईत एका प्रयोगशाळेत होतो आणि काम नेमकं हेच होतं. अशी पावलं विजेच्या बारीक झटक्यांनी उचलायची. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूने एक नस जाते. तिथे दोन पॅड चिकटवून करंट दिला की पाऊल वर येतं. कधी द्यायचा, ते टाचेखालचं बटण ठरवतं. टाच उचलली की सुरू, टेकली की बंद. पहिली चाचणी मी स्वतःवरच केली. माझं पाऊल असं उसळलं, की साहेबांचा चहा साहेबांच्या पँटवर. "यंत्र चालतंय," एवढंच ते म्हणाले.

आईची इच्छा एकच होती. अंबरनाथच्या शिवमंदिरात पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यात जायचं, तेही एकटीने.

"मी धरून नेतो की."

"तेच नको. मी देवाशी बोलणार आणि तू शेजारी कान टवकारून उभा."

"मी नाही ऐकत."

"लहानपणापासून ऐकतोस."

हे खरं होतं.

मग तिच्यासाठी एक यंत्र जुळवलं. त्याची डबी कमरेला बांधायला पिशवी हवी म्हणून उल्हासनगरच्या एका सिंधी पिशवीवाल्याकडे गेलो. "साईं, वॉकमन रखेगा क्या?" त्याने विचारलं. "नहीं, माँ का पाँव है," मी म्हणालो. त्याने दुहेरी शिलाई मारली.

बटण मी आईच्या डाव्या चपलेच्या टाचेत बसवलं आणि वायर साडीच्या आतून वर घेतली. आई गल्लीत चालली! बायका दारात आल्या. "अगं बाई, हिचा पाय बघ!" मी कमरेवर हात ठेवून उभा, जणू पायाचा शोध मीच लावलाय.

सोमवारी मंदिरात गेलो. आईने फुलवालीपाशी चपला काढल्या.

चपला काढल्या! प्रयोगशाळेत महिनोन्महिने आम्ही पेशंटना व्हरांड्यातून बूट-चपला घालून चालवत होतो. देवळात, स्वयंपाकघरात माणूस अनवाणी असतो, हे अनवाणीच वाढलेल्या मला एकदाही सुचलं नव्हतं. त्यात बटण चपलेबरोबर टाचेखालून गेलेलं, म्हणून यंत्राला वाटलं, टाच उचललेलीच आहे. आईचं पाऊल आभाळाकडे बघत ताठ राहिलं.

मी चप्पल उचलली, वाकलो, आणि तिच्या पावलाबरोबर बटण दाबायला आणि सोडायला लागलो. अर्थातच ताल चुकला. पाय टेकायचा तेव्हा उठायचा, उठायचा तेव्हा पडायचा.

"मी चालतेय की तू मला चालवतोयस?" आई म्हणाली.

"दादा, चप्पल आत नाही न्यायची," मागून फुलवाली.

आम्ही परत फिरलो. रिक्षा घराजवळ आल्यावर आई बाहेर बघतच म्हणाली, "तिथपर्यंत गेले होते रे."

पुन्हा पिशवीवाला. या वेळी उघड्या टाचेला बांधायचा इलॅस्टिकचा पट्टा शिवून घेतला. गाभाऱ्यात अभिषेकाचं पाणी असणार म्हणून बटण दुधाच्या पिशवीच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलं. दिसायला भयंकर होतं. चाललं मात्र.

पुढच्या वेळी ती गाभाऱ्याच्या पायऱ्या भिंतीला हात लावून, तिरकी होऊन, एकेक करत उतरली. मी वर थांबलो. खालून तिचा आवाज येत होता, पण दगडात घुमून शब्द पुसले जात होते. ती खूप वेळ बोलली. माझा एक पाय आपोआप पुढे गेला. मी तो मागे घेतला.

वर आल्यावर तिच्या पदराचं टोक ओलं होतं.

"काय बोललीस एवढं?"

"तुझ्याबद्दल नव्हतं," ती म्हणाली आणि पुढे चालायला लागली. मी मागे, तिच्या चपला सांभाळत.

त्यानंतर दोन पावसाळे ती दर सोमवारी जात राहिली. मग दुसरा झटका आला, आणि त्याच्यावर माझ्याकडे बटण नव्हतं.

अजूनही अंबरनाथला उतरलो की देवळात जातो. गाभाऱ्याच्या पायऱ्यांपाशी येऊन थांबतो. लोक बाजूने खाली जातात, वर येतात, कुणी म्हणतं, "काका, जाताय ना?" मी त्यांना वाट देतो. खाली उतरवत नाही. वाटतं, तिचं बोलणं अजून संपलं नसलं तर?