पाय बारवेत घालायचा नाही

"मास्तर, माझ्या लेकीला बारवंवर अडवनारी पोरं कुनाची हायती?"

दारात पोलीस पाटील उभे होते. हातात काठी, एका पायाला फडकं बांधलेलं. पहिली-दुसरीची पोरं चिडीचूप झाली. मी खडू खाली ठेवला. अडवणारी पोरं माझ्याच वर्गातली होती. अडवायला मीच शिकवलं होतं.

निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. मी नांदेडचा, नुकताच नोकरीला लागलेला. पहिली नेमणूक मुखेडच्या अलीकडच्या एका खेड्यात. गावाला पाणी एकाच बारवेचं. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. बाया खाली उतरून, गुडघाभर पाण्यात उभं राहून घागर भरायच्या. उन्हाळा लागला की वर्गातली पोरं लंगडत यायची. कुणाच्या घोट्याला फोड, कुणाच्या पोटरीला. फोड फुटला की त्यातून दोऱ्यासारखा पांढरा जंत डोकं काढायचा. हाच नारू. गावात म्हणायचे, देवीचा कोप.

एकदा पगाराला मुखेडला गेलो तेव्हा दवाखान्यातल्या डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, "कोप-बिप काही नाही. पाण्यात बारीक किडे असतात. नारूची पिल्लं त्या किड्यांच्या पोटात जातात, आणि किडे पाण्याबरोबर आपल्या पोटात. वर्षभर जंत आत वाढतो, मग पायातून बाहेर पडतो."

"औषध?"

"औषध नाही. दोन गोष्टी करा. पाणी दुहेरी फडक्यानं गाळून प्या. आणि नारू झालेल्यानं पाण्यात उतरू नये. फोडाची आग होते म्हणून माणूस थंड पाण्यात पाय घालतो, आणि तिथंच जंत आपली पिल्लं सोडतो."

दुसऱ्या दिवशी मी बारवेचं पाणी काचेच्या पेल्यात घेतलं आणि उन्हात धरलं. पोरं भोवती गोळा झाली. नीट बघितलं की पांढरे ठिपके उड्या मारताना दिसायचे.

"मास्तर, हे आमी पेतो?" केवळा म्हणाली. दुसरीतली पोर, वर्गात सगळ्यांत बडबडी.

"पितो. आता फडक्यातून ओत."

तिनं ओतलं. ठिपके फडक्यावर राहिले. एकेका पोरानं स्वतः गाळून बघितलं. त्या आठवड्यात गावातल्या जुन्या धोतरांची बरीच फाडाफाडी झाली.

आमचे सदर मुदर्रिस, म्हणजे हेडमास्तर, हैदराबादकडचे. सज्जन माणूस, पण वरिष्ठांची धास्ती फार.

"मास्टर, किताब में है सो पढ़ाव ना. पानी छानना औरतां का काम है."

"साहेब, पोरांना चालता येत नाही."

"और मुआयना आया तो?" मुआयना म्हणजे इन्स्पेक्शन.

"सांगा, शरीराचा धडा चालू आहे."

त्यांनी थोडा विचार केला. "पढ़ाव. मगर बारव पे किसी से झगड़ा नक्को."

गाळणं सोपं निघालं. ते घरातलं काम होतं. पाण्यात न उतरणं अवघड होतं, कारण बारव सगळ्यांची. सगळ्यांची म्हणजे, ज्यांना तिथं येऊ देत त्यांची. गावाबाहेरच्या वस्तीला पायरीला शिवायची मुभा नव्हती. ते लोक ओढ्याच्या वाळूत झरा उकरून पाणी घ्यायचे. ते पाणी वाळूतूनच गाळून यायचं, त्यामुळे त्या वस्तीत नारू क्वचित. हे मी एकदा चावडीवर बोलून दाखवलं. कुणाला आवडलं नाही.

मोठ्यांना अडवणं माझ्या हातात नव्हतं. मी पोरांना एवढंच सांगितलं, "आपल्यापैकी कुणाला फोड आला तर त्यानं वर बसायचं. बाकीच्यांनी त्याची घागर भरून द्यायची."

आणि फोड आला तो नेमका पाटलांच्या गयाला.

"चला पाटील," मी म्हणालो, "बारवेवर जाऊन बघू."

"चला. बघतोच."

बारवेजवळच्या लिंबाखाली गया बसली होती. डोळे रडून सुजलेले. तिचा पाय पाण्यानं भरलेल्या घमेल्यात होता. केवळा पुढ्यात बसून फडक्यानं तिच्या पोटरीवर पाणी सोडत होती. पाटलांना बघून ती उठली, पण पळाली नाही.

"आडवलं का गं तिला?"

"हाव," केवळा म्हणाली. "तिला लई आग व्हायलीय म्हनून पानी हितं आनून दिलं. खाली जाऊ दिलं न्हाई."

पाटलांनी काठी जमिनीवर आपटली. मी म्हणालो, "पाटील, रागवा नंतर. आधी घमेल्यात बघा."

ते वाकले. गयाच्या घोट्याचा फोड फुटला होता. जंताचं टोक बाहेर आलं होतं, आणि त्यातून दुधासारखं पांढरं काहीतरी पाण्यात उतरत होतं. पाणी हळूहळू गढूळलं.

"हे काय?"

"नारूची पिल्लं. अगणित असतात."

"हे बारवंत गेलं आसतं?"

"गेलं असतं. मग सगळ्या गावानं प्यायलं असतं."

पाटलांची नजर स्वतःच्या पायाच्या फडक्याकडे गेली.

"म्या तर रोज सकाळी बारवंत पाय…" ते म्हणाले आणि थांबले.

केवळानं घमेलं उचललं, लांब नेलं आणि तापल्या मातीत ओतलं.

खरी कसोटी पुढं होती. जंत ओढला की तुटतो, आणि आत राहिला की पाय सडतो. गावात असे दोघे कायमचे लंगडे होते. गयाची आई ओढून काढायला निघाली होती. डॉक्टरांनी सांगितलेली रीत मी पाटलांना समजावली: टोक काडीला गुंडाळायचं, रोज येईल तेवढाच पीळ द्यायचा, अडला की थांबायचं. रोज शाळेआधी मी जायचो. गया दात-ओठ खायची आणि विचारायची, "मास्तर, किती ऱ्हायला?" मी म्हणायचो, "कालच्यापेक्षा कमी." मला तरी कुठं ठाऊक होतं. जंत तुटू नये एवढीच काळजी घेत होतो. एका सकाळी शेवटचं टोक सुळकन बाहेर आलं. अख्खा जंत, न तुटलेला. गयाची आई पदर तोंडाशी धरून हसली.

पाटलांनी त्याच आठवड्यात बारवेच्या तोंडाशी लाकडी रहाट बसवला. पाणी वरून पोहऱ्यानं शेंदायचं, खाली कुणी उतरायचं नाही. स्वतःच्या पायालाही त्यांनी काडी लावून घेतली. केवळा पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याचे पाय तपासू लागली. तिच्या तोंडी लागायला मोठी माणसंही कचरत.

पुढच्या उन्हाळ्यात तरी वर्गातल्या काही पोरांना नारू निघाला. लोक म्हणाले, मास्तरचं फडकं वाया गेलं. हे नारू आधीच्या पाण्यातले आहेत, हे मी सांगत राहिलो. ऐकून घ्यायचे, पटायचं कुणालाच नाही. सदर साहेब मात्र म्हणाले, "सब्र करो, मास्टर."

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात माझ्या वर्गातलं एकही पोर लंगडलं नाही. त्याबद्दल गावात कुणी काही बोललं नाही. न झालेल्या दुखण्याबद्दल कोण बोलतं?

नव्या शिक्षकांना मी एवढंच सांगतो: आरोग्य शिकवायचं असेल तर निकालाची घाई नको. नारू निघायला एक वर्ष लागतं, न निघालेला दिसायला दोन.