पडवीतला ओला कोपरा

सरहद्दीवरच्या आमच्या पोस्टवर संध्याकाळचं एक काम ठरलेलं होतं. कुंपणालगतची मातीची पट्टी झाडून सारखी करायची. पहाटे स्टँड-टू झालं, म्हणजे सगळे हत्यारं घेऊन मोर्चावर उभे राहिले, की तीच पट्टी बॅटरी घेऊन तपासायची. रात्री कोणी ओलांडली असेल तर मातीत पाऊल उमटलेलं दिसे. हे काम मी आणि नायक गंगाराम करायचो. फौजेत प्रत्येकाला एक बडी असतो, एकाने दुसऱ्यावर नजर ठेवायची. गंगाराम माझा बडी. तो मुरबाडचा, मी शेजारच्या शहापूरचा, म्हणजे घरचाच माणूस. वायरलेसवर त्याचा प्रश्न एकच असायचा.

"बडी, ओके?"

"ओके. ओव्हर."

एका पहाटे त्याच पट्टीत रात्रीतून पेरलेल्या सुरुंगावर त्याचा पाय पडला. मी थोडा मागे होतो म्हणून वाचलो. यापुढचं मला लिहवत नाही.

पेन्शन घेऊन गावी आलो तेव्हा शहापूरला मोबाइलचा टॉवर नुकताच उभा राहिला होता. आल्या आल्या मुरबाडला जाऊन गंगारामच्या आईला भेटलो. निघताना तिने गोठ्यातून एक काळं पिल्लू आणून माझ्या हातात ठेवलं.

"गंगाच्या कुत्रीचं नातवंड हाय. आमच्या घरातलं कायतरी तुज्याकडं असू दे रे. घरात घाण केली तर परत आणून दे. मला वाईट नाय वाटायचं."

पिल्लाचं नाव मी बडी ठेवलं आणि ट्रेनिंग सुरू केलं. खाल्लं की बाहेर, झोपून उठलं की बाहेर, खेळून दमलं की बाहेर. जागाही ठरलेली, परसातल्या शेवग्याखाली. काम झालं की शाबासकी आणि भाकरीचा तुकडा. मारायचं नाही, ओरडायचं नाही. बडी रिक्रूट हुशार निघाला. थोड्याच दिवसांत तो गरज लागली की दाराशी जाऊन बसायला आणि माझ्या तोंडाकडे बघायला शिकला.

तरीही सकाळी पडवीचा कोपरा ओलाच. तिथे नांगराचं जू आणि इरली टेकवून ठेवलेली असत. माझी बायको सुमन रोज नाक मुरडत तेवढी जागा शेणाने सारवायची.

"अवो, तुमचा जवान नापास झाला," ती म्हणाली. "रविवारपर्यंत बघते. नायतर जिथून आणला तिथं पोचवा त्याला. रोज रोज कोण सारवणार?"

माझे बाबा पडवीतच खाट टाकून झोपायचे, बडी त्यांच्या खाटेखाली. ते ऐकत होते. "मुकं जनावर, त्याला काय कळतं," एवढंच बोलले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

पिल्लू परत घेऊन त्या माउलीच्या दारात उभं राहायचं, हे मला शक्य नव्हतं. पण बडीवर माझा विश्वास होता. मग ओलं करतं कोण? संशय घेणं ही नोकरीने लावलेली खोड, ती पेन्शनबरोबर सुटत नाही. आधी शेजारच्या बोक्यावर संशय घेतला. मग कौलांवर, पण ते दिवस थंडीचे, पाऊस कुठला? शेवटी खुद्द सुमनवर घेतला. तिला कुत्रा पहिल्यापासून नको होता. तांब्याभर पाणी ओतायला कितीसा वेळ लागतो? ती चुलीपासून पडवीत आली की माझे डोळे तिच्या मागे.

"काय बघता? माज्यावर सेन्ट्री लावली काय?"

तरी मी संशय सोडला नाही.

शनिवारी संध्याकाळी बादलीत शेण कालवलं आणि त्या कोपऱ्यापुढची जमीन मी स्वतः सारवली. सुमन पदर तोंडाला लावून हसली. "हवालदारसायेब सारवतात! गावात सांगू काय?" मी म्हटलं, सांग. माझ्या दृष्टीने ते सारवण नव्हतं. ती पट्टी होती.

पहाटे बॅटरी घेऊन पडवीत आलो. कोपरा ओला होता. पट्टी तपासली. पंजा एकही नव्हता. सुमनचं नाजूक पाऊलही नव्हतं. होती ती रुंद, अनवाणी पावलं, डावं जरा ओढलेलं, आणि शेजारी काठीच्या टोकाचे गोल ठसे. खाटेपासून निघालेली आणि खाटेपाशी परत आलेली.

बाबा डोळे मिटून पडले होते, पण पापण्या थरथरत होत्या. जन्मभर चिखलात नांगर धरलेला माणूस. परसापर्यंतचा अंधार त्यांना आता जड जात होता, आणि सुनेला सांगायची लाज वाटत होती. सुमन उठायच्या आत मी कोपरा आणि पट्टी दोन्ही सारवून टाकली. ती आल्यावर म्हणालो, "बडी कुठं जात नाय. पडवीची ड्यूटी आजपासून माझी." तिने माझ्याकडे संशयाने पाहिलं. बादलीकडे पाहिलं. बाबांकडे पाहिलं. मग चूल पेटवायला गेली.

त्या रात्री निजायच्या आधी मी खाटेपाशी गेलो.

"बाबा, चला. कुत्र्याला बाहेर न्यायचंय. मला सोबत पायजे."

"तू फौजी माणूस. तुला कसली रे सोबत?"

"बडीशिवाय अंधारात जायचं नाय. अशी ऑर्डर हाय."

बाबा काठी घेऊन उठले. कुत्रा शेवग्याखाली गेला, बाबा कुंपणाशी, आणि मी पाठ करून उभा राहिलो. रोज निजताना आणि पहाटे आमची ही गस्त निघू लागली. कोपरा वाळला.

एकदा परत येताना बाबा मध्येच थांबले. वाकून त्यांनी बडीच्या डोक्यावर हात ठेवला.

"याच्यावर उगाच आळ आला रे."

"त्याला काय नाय वाटत, बाबा."

"मला वाटायचं," बाबा म्हणाले.

पुढे काही वर्षांनी बाबा गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे मी दार उघडलं तर बडी बाहेर येईना. रिकाम्या खाटेपाशी बसून माझ्या तोंडाकडे बघत राहिला. आमचा एक माणूस कमी होता आणि ते त्याला मंजूर नव्हतं. मी खाटेच्या कडेवर बसलो आणि रडलो.

गंगाराम गेला त्या दिवशी दरवर्षी मी आणि बडी मुरबाडला जातो. त्याच्या फोटोला हार घालतो, मी सॅल्यूट करतो. बाबा गेले त्या वर्षीही गेलो. म्हातारीने बडीला कुरवाळलं आणि विचारलं, "लहानपणी घरात लय घाण केली असंल ना रे यानं?"

"नाय, आई," मी म्हणालो. "कधीच केली नाय."