वाचून दावलंस काय?

प्रबंधाचं प्रकरण हातात दिलं की चौगुले सर ते उघडायचेच नाहीत. चष्मा कपाळावर सरकवून विचारायचे, "ज्यांच्यावर लिवलंयस, त्यांस्नी वाचून दावलंस काय?" नाही म्हटलं की कागद तसेच परत. इतकी वर्षं विद्यापीठात शिकवूनही सरांची गारगोटीकडची बोली सुटली नव्हती, आणि हा हट्टही.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. सरकार आणि लोक मिळून कारभार करतात तेव्हा योजना टिकतात का, हा माझा विषय. अभ्यासाला गारगोटीजवळच्या एका गावाची पाणी समिती घेतली होती. तिच्या वहीत प्रत्येक ठरावापुढे 'सर्वानुमते मंजूर' आणि खाली झाडून सगळ्यांच्या सह्या. मी खूश! प्रकरणाला 'आदर्श सहभाग' असं नावही देऊन टाकलं. महिनाभरात प्रबंध सादर केला की कॉलेजातली कायमची नोकरी माझी होती.

सरांच्या हट्टापायी गावच्या शाळेत सभा बोलावली आणि वाचायला लागलो. दुसऱ्याच पानावर समितीच्या सदस्य आक्काताई कांबळे उठल्या.

"सही माझी हाय की. पर सभंला कोन बलिवतंय? शिपाई वही घिऊन दारात येतोय, मी सही करतो. आमच्या बौद्धवाड्यात नळ हाय, पानी न्हाय."

सरपंच छताकडे बघत राहिले. मी कागद मिटले.

"सर, एवढं एक सोडून देऊ या. नोकरी जाईल माझी," मी कळंब्याला त्यांच्या घरी जाऊन विनवलं.

"तुला दुसरी मिळंल. तिच्या दारात पानी कवा येनार?"

पुन्हा घरोघर फिरलो. नवं प्रकरण बौद्धवाड्यातच वाचलं. सर एसटीनं आले आणि सरपंचांना शेजारी बसवून घेतलं. या सगळ्यात वर्ष गेलं, नोकरी दुसऱ्याला मिळाली. मी सरांवर मनापासून चिडलो होतो. आज ते आठवलं की लाज वाटते.

काही वर्षांनी सर गेले. विभागात शोकसभा झाली. लिहून आणलेला ठराव वाचून विभागप्रमुख म्हणाले, "सर्वानुमते मंजूर."

"थांबा की!" मागून आवाज आला. आक्काताई उभ्या होत्या. "आता सभा आमच्या वाड्यात भरतिया. नळाला पानी येतंय. त्ये बी लिवा त्यात."

विभागप्रमुखांनी माझ्याकडे पाहिलं. मी ठरावाखाली ती वाक्यं लिहिली, मागच्या रांगेपर्यंत गेलो आणि आक्काताईंना वाचून दाखवली.