न विचारलेला प्रश्न

हे मी आजवर कोणापाशी बोललो नाही — पत्नीपाशी नाही, युनियनच्या सहकाऱ्यांपाशी तर नाहीच. तुम्हाला सांगतो आहे. पण आधी पद्धत समजावून सांगावी लागेल. ही जुनी सवय. कारखान्यात येण्यापूर्वी मी शाळेत शिकवत असे, म्हणून पावणे गावातल्या आमच्या कारखान्यात सगळे मला गुरुजीच म्हणत.

कामगारावर आरोप ठेवला की कंपनीतच चौकशी बसे. तेथे वकील चालत नसे. कामगाराच्या शेजारी युनियनचा माणूस बसे आणि साक्षीदारांना प्रश्न विचारी. नव्वदच्या दशकात तो माणूस म्हणजे मी — युनियनचा सरचिटणीस.

जनार्दन पत्रा दाबून सुटे भाग बनवणाऱ्या प्रेस विभागात होता. पावणे गावचाच, घरची शेती औद्योगिक वसाहतीत गेली, तेव्हा नोकरीला लागलेला. आमचे पदाधिकारी हात वर करून निवडले जात. त्या वर्षी निवडणुकीआधीच्या गेट मीटिंगमध्ये तो उठला.

“गुरुजी, हात वर केला का सगल्यांना दिसतंय. चिठ्ठी टाका ना. तुमचा काय जातंय?”

“मग तूच उभा रहा की, जनू!” मागून कोणीतरी ओरडले. हशा पिकला. तो हसला नाही.

“उभा हाय,” म्हणाला.

चिठ्ठ्या पडल्या असत्या तर तोच निवडून आला असता. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते, असे कसे म्हणू?

थोड्याच दिवसांत त्याच्यावर आरोप आला — सुपरवायझरवर हात उगारल्याचा. साक्षीदार एकच, कामगारांच्या हजेरीची नोंद ठेवणारा टाइमकीपर. आपण प्रेसपाशी उभे राहून सारे पाहिले, असे त्याने चौकशीत सांगितले.

आता ते सांगतो. आरोपात जी वेळ दिली होती, त्या वेळी टाइमकीपर प्रेसपाशी नव्हताच. कँटीनमागच्या युनियनच्या खोलीत, माझ्यासमोर बसून तो चहा पीत होता. मला एवढेच विचारायचे होते — तेव्हा तुम्ही कुठे होता? माझ्या तोंडावर तो काय उत्तर देणार होता?

मी त्याला नोकरीची वर्षे विचारली. विभागात उजेड पुरेसा होता का, ते विचारले. नीट बांधलेले, सभ्य प्रश्न. मग म्हणालो, “माझे प्रश्न संपले.” टाइमकीपरने एकदा माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घातली.

बाहेर आल्यावर जनार्दनने माझा हात धरला. “तुमी बाजूला हाव ना गुरुजी, मंग मना टेन्शन नाय.”

त्याला कामावरून काढले. नोकरीबरोबर युनियनचे सदस्यत्व गेले, आणि सदस्य नसलेल्याला निवडणूक लढवता येत नाही — हा नियम सभेत मीच वाचून दाखवला. माझी निवड बिनविरोध झाली. गळ्यात हार पडत असताना गेटबाहेरून माझ्या नावाची घोषणा आली. ती जनार्दनने दिली होती.

पुढे युनियनने त्याचे प्रकरण कामगार न्यायालयात नेले. तेव्हा तर मी निवडून आलेला होतो. मग भीती कशाची उरली होती? — नाही, तेही मी ओळखून होतो; आता सांगितले असते, तर चौकशीत का विचारले नाही, हे मलाच विचारले गेले असते. वकिलांनी मला विचारले, चौकशीत पुढे न आलेले आणखी काही आहे का? जनार्दन माझ्या शेजारच्याच खुर्चीत बसला होता.

मी ‘नाही’ म्हणालो.

त्याला नोकरी परत मिळाली नाही.