मैदानाची अट
धुण्याच्या बादलीत लाल माती उतरली, की ताक-तेल-हळदीचा तो वास येतो आणि राजारामपुरीतली आमची छोटी खाजगी शाळा आठवते. मी तिथं नवीन शिक्षिका होते. मान्यतेसाठी मैदान दाखवणं कायद्यानं भाग होतं, आणि आमची मुलं तर प्रार्थनेलासुद्धा जिन्यात उभी राहायची. मुख्याध्यापिकाबाईंनी शेजारच्या तालमीची जागा वापरायला वस्तादांची लेखी संमती आणली. तपासणीचे साहेब कागद वाचून थेट तालमीतच शिरले. आखाड्याची लाल माती नुकतीच खणून, ताक-तेल-हळद घालून, पाणी शिंपडलेली होती. साहेबांनी विचारलं, "मुलीही येतात ना इथं? नुसत्या मुलांचं मैदान चालणार नाही." त्या उंबऱ्याच्या आत बाईमाणूस कधी गेलंच नव्हतं, बाई आणि मी तेव्हाही रस्त्यावरच उभ्या होतो. वस्तादांनी आमच्याकडं बघितलं, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "येत्यात की. न यायला काय झालं?" मान्यता मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी वस्ताद स्वतः शाळेच्या दारात हजर. बाई आभार मानायला लागल्या, तर त्यांनाच दटावलं, "त्ये ऱ्हाऊ द्या. साहेबास्नी शब्द दिलाय, मी खोटा पडायचा न्हाय. पोरी कुठं हायत?" आता बादलीतली माती माझ्या लेकीच्या कुस्तीच्या कपड्यांची असते. वस्ताद थकलेत, पण तालमीच्या उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसतात आणि तिला रोज विचारतात, "साहेब परत आलं तर काय सांगायचं गं?" ती चपला काढता काढता म्हणते, "येत्यात की."